सोप संदेशावर सही: टोकन निवडण्यापासून पडताळणीपर्यंत

पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याचं बिलिंग इंदूरच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं, आणि एक दिवस कारखान्याच्या बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून जाडजूड पीडीएफ येते. आत कुठेतरी एक ओळ असते: प्रत्येक विनंती डब्ल्यूएस-सिक्युरिटीप्रमाणे, एक्स-५०९ टोकन लावून, सही करून पाठवावी. डब्ल्यूएस-सिक्युरिटी म्हणजे सोप संदेशांच्या सुरक्षेचे नियम, एक्स-५०९ म्हणजे डिजिटल प्रमाणपत्राचा ठरलेला साचा. टीममधली मुलं रेस्ट आणि जेसनवर वाढलेली. सोप, म्हणजे एक्सएमएलमध्ये संदेश पाठवायची जुनी पद्धत, त्यांनी परीक्षेपुरता वाचलेला. मग इंटरनेटवरून कुठला तरी कोड उचलला जातो, संदेशात सही दिसते आणि समोरून ‘सही जुळत नाही’ एवढंच उत्तर येत राहतं. विजयनगर असो की सुपर कॉरिडॉर, हे काम ज्याच्या वाट्याला येईल त्याच्यासाठी हा लेख आहे.

एक सूचना आधीच. वर्गांची, गुणधर्मांची आणि एक्सएमएल घटकांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची. एक्सएमएलला ‘बॉडी’ मोठ्या अक्षराने सुरू झाली की लहान, याने फरक पडतो.

टीएलएस असताना सही कशाला

टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, दोन टोकांमधली वाट इतरांसाठी बंद करतं. पण मोठ्या संस्थेत तुमची विनंती थेट सर्व्हिसपर्यंत पोचत नाही. आधी लोड बॅलन्सर, मग गेटवे, मग संदेशांची रांग, असा प्रवास असतो. टीएलएस पहिल्याच मुक्कामी संपतं, त्यापुढे संदेश उघडाच फिरतो. सही मात्र संदेशाच्या पोटात असते आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जाते. उद्या वाद झाला तर ‘ही रक्कम तुमच्याच किल्लीने सही होऊन आली होती’ असं दाखवता येतं. म्हणून दोन्ही लागतात. सहीने मजकूर झाकला जात नाही, हेही लक्षात असू द्या. गुप्तता हवी असेल तर एन्क्रिप्शन वेगळं करावं लागतं.

याचे नियम जुने आणि स्थिर आहेत. एक्सएमएल सिग्नेचरची डब्ल्यू३सीची शिफारस २००२ ची. ओएसिस या प्रमाणसंस्थेने डब्ल्यूएस-सिक्युरिटी १.० हे २००४ मध्ये आणि १.१ हे २००६ मध्ये प्रमाण केलं. १.१ वापरतानाही मुख्य नेमस्पेसमध्ये (घटकाचं नाव कोणत्या नियमावलीतलं ते सांगणाऱ्या पत्त्यात) २००४०१ हाच आकडा दिसतो. तो ‘जुना’ समजून बदलायला जाऊ नका.

टोकन कोणतं

टोकन म्हणजे ‘सही कुणाच्या किल्लीने केली’ याचा संदेशात दिलेला पुरावा. प्रमाणपत्राच्या बाबतीत किल्ल्या जोडीने येतात: खाजगी किल्लीने सही करायची, प्रमाणपत्रातल्या सार्वजनिक किल्लीने ती तपासायची. युजरनेम टोकनमध्ये नाव आणि पासवर्ड असतो. त्यापासून किल्ली तयार करून सही करता येते, पण तिची ताकद पासवर्डएवढीच. शिवाय पासवर्ड दोघांकडे असल्यामुळे सही नेमकी कुणी केली हे सिद्ध होत नाही. केर्बेरॉस, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमधलं लॉगिनचं तिकीट, एकाच डोमेनच्या आत बरं. सॅम्ल टोकन तिसऱ्या पक्षाने दिलेलं असतं; त्याने सही करायची तर ते ‘होल्डर ऑफ की’ प्रकारचं असावं लागतं, ‘बेअरर’ चालत नाही, कारण बेअररमध्ये किल्लीच नसते. दोन वेगळ्या संस्थांमधल्या व्यवहाराला एक्स-५०९ हाच धोपटमार्ग, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

आपल्याकडे ‘टोकन’ म्हटलं की चार्टर्ड अकाउंटंटच्या टेबलावरचं यूएसबी टोकन डोळ्यांसमोर येतं, आणि त्यातून एक खास देशी घोटाळा होतो. परवानाधारक प्रमाणन संस्थेचं क्लास ३ प्रमाणपत्र अशा टोकनमध्ये येतं आणि त्यातली खाजगी किल्ली बाहेर काढता येत नाही. माणूस समोर बसून रिटर्न भरत असेल तर ते उत्तम. सर्व्हरवर रात्री दोन वाजता चालणाऱ्या जॉबला ते सोयीचं नाही. पिन विचारणारी खिडकी उघडते आणि जॉब तिथेच अडकतो. चुकीचा पिन काही वेळा दिला गेला की टोकन कुलूपबंद होतं. विंडोज सर्व्हरला टोकन लावून तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत गेलात, तर त्या सत्रात ते दिसतच नाही, कारण रिमोट डेस्कटॉप तुमच्या स्वतःच्या मशीनचा कार्डरीडर पुढे करतो. म्हणून समोरच्या संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: प्रमाणपत्र भारतीय प्रमाणन साखळीतलंच हवं, की तुम्ही देता ते किंवा आम्ही स्वतः सही केलेलंही चालेल? भारतीय साखळीतलंच हवं असेल तर संस्थेच्या नावाचं डॉक्युमेंट सायनर प्रमाणपत्र आणि एचएसएम (किल्ली आत ठेवून सही करून देणारं सर्व्हरचं उपकरण) असा मार्ग धरा. इतर दोन्हींत पीकेसीएस-१२ फाइल पुरते; तीत किल्ली आणि प्रमाणपत्र एकत्र, पासवर्डखाली असतात.

किल्ली तयार करणं

किल्ली आरएसए, २०४८ बिट किंवा त्याहून मोठी. हॅश, म्हणजे मजकुराचा ठरलेल्या लांबीचा ठसा, शा-२५६ पद्धतीचा. जावाच्या कीटूलने ‘जेन-की-पेअर’ आदेश द्या आणि स्टोअरचा प्रकार पीकेसीएस-१२ ठेवा. एलियसचं, म्हणजे स्टोअरमधली किल्ली ओळखायचं, नाव लहान अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. मोठ्या अक्षरांतलं एलियस काही साधनं लहान करून साठवतात आणि मग ‘किल्ली सापडली नाही’ म्हणत बसावं लागतं. प्रमाणपत्राच्या की-युसेजमध्ये डिजिटल सिग्नेचर हा बिट असलाच पाहिजे. वेबसाइटसाठी घेतलेलं टीएलएस प्रमाणपत्रच इथे वापरायचा मोह होतो. तसं करू नका. ते ठरलेल्या मुदतीत आपोआप बदलत राहतं आणि समोरच्याने नोंदवलेलं जुनंच असतं.

समोर पाठवायचं ते फक्त प्रमाणपत्र. उत्साहाच्या भरात पूर्ण पीकेसीएस-१२ फाइल ईमेलने जाते आणि पासवर्ड त्याच धाग्यातल्या दुसऱ्या ईमेलने. असं झालं तर ती किल्ली जळाली असं समजून नवी करा.

संदेश कसा दिसला पाहिजे

सोप संदेश म्हणजे एन्व्हलप नावाचा घटक, त्यात हेडर आणि बॉडी. हेडरमध्ये एक सिक्युरिटी घटक, त्यावर मस्ट-अंडरस्टँड १. त्याच्या आत तीन गोष्टी. पहिली बायनरी-सिक्युरिटी-टोकन: प्रमाणपत्र बेस-६४ मध्ये (बाइट्स साध्या अक्षरांत लिहायची पद्धत), सोबत व्हॅल्यू-टाइप, एन्कोडिंग-टाइप आणि स्वतःचा डब्ल्यूएसयू (डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा युटिलिटी) नेमस्पेसमधला आयडी. दुसरी टाइमस्टॅम्प, तिच्यात क्रिएटेड आणि एक्सपायर्स. तिसरी सिग्नेचर.

सिग्नेचरच्या पोटात साइन्ड-इन्फो, सिग्नेचर-व्हॅल्यू आणि की-इन्फो. साइन्ड-इन्फोमध्ये ज्या ज्या भागावर सही आहे त्या प्रत्येकासाठी एक रेफरन्स: भागाचा आयडी, ट्रान्सफॉर्म, डायजेस्टची, म्हणजे हॅशची, पद्धत आणि डायजेस्टची किंमत (व्हॅल्यू). की-इन्फोमध्ये सिक्युरिटी-टोकन-रेफरन्स असतो आणि तो वरच्या बायनरी टोकनच्या आयडीकडे बोट दाखवतो. टोकन सहीच्या आधी ठेवा. संदेश वरून खाली एकदाच वाचणाऱ्या सर्व्हरला सहीपाशी पोचेपर्यंत किल्ली हातात हवी असते.

सही दोन टप्प्यांत होते, आणि हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे दोष आपोआप ओळखू येतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक भाग प्रमाणरूपात आणायचा, म्हणजे कॅनॉनिकल करायचा, त्याचा हॅश काढायचा आणि तो रेफरन्समध्ये लिहायचा. दुसऱ्या टप्प्यात साइन्ड-इन्फो हा घटकच प्रमाणरूपात आणून त्यावर खाजगी किल्लीने सही करायची. म्हणजे खाजगी किल्ली बॉडीला कधी हात लावत नाही. ती फक्त डायजेस्टच्या यादीवर सही करते. यादीत जे नाही त्यावर सही नाही, मग संदेशात सिग्नेचर कितीही ठळक दिसो.

जुन्या मराठी कागदांत मजकूर संपला की खाली मोर्तब उठवत, म्हणजे नंतर कुणी शेवटी ओळ घुसडू नये. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावरही शिक्का मारत, म्हणजे मधला ताव बदलता येऊ नये. शिक्का आहे एवढ्यावर भागत नव्हतं, तो कुठे उठलाय हे पाहत. सोपच्या सहीलाही हीच नजर लागते.

मग यादीत काय हवं? बॉडी तर हवीच. टाइमस्टॅम्प हवाच. तो सहीबाहेर राहिला तर जुना संदेश पकडून नवी वेळ घालून पुन्हा पाठवता येतो. डब्ल्यूएस-ॲड्रेसिंग (संदेश कुणाला, कशासाठी हे हेडरमध्ये लिहायचे नियम) वापरत असाल तर टू, ॲक्शन आणि मेसेज-आयडी हवेत. टूवर सही नसली तर चाचणीच्या सर्व्हिससाठी केलेला संदेश खऱ्या सर्व्हिसकडे वळवता येतो. बायनरी टोकनवरही सही करावी, असं काही संस्थांचं म्हणणं असतं. ते रास्त आहे, कारण एकाच किल्लीची दोन प्रमाणपत्रं असू शकतात आणि सहीला धक्का न लावता त्यांची अदलाबदल होऊ शकते.

जावात: सीएक्सएफ आणि डब्ल्यूएसएस४जे

सीएक्सएफ ही जावाची सोप लायब्ररी, आणि डब्ल्यूएसएस४जे ही तिच्यासाठी सुरक्षेचं काम करणारी. पहिलं पाऊल कोडचं नाही. डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल, उघडा आणि आत पॉलिसीचे (सुरक्षेच्या अटींचे) घटक आहेत का ते पाहा. असतील तर हाताने इंटरसेप्टर (जाता-येता संदेशावर काम करणारा कोड) लावू नका. सीएक्सएफ पॉलिसी वाचून सगळं स्वतः करतं; तुम्ही फक्त सहीची प्रॉपर्टी फाइल, एलियस आणि कॉलबॅक हँडलर (मागितल्यावर पासवर्ड पुरवणारा कोड) द्यायचा. पॉलिसीही चालू आणि इंटरसेप्टरही लावलेला, अशा अवस्थेत सुरक्षेची प्रक्रिया दोनदा होते आणि समोरचा गोंधळतो.

पॉलिसी नसेल तर हे करा.

१. क्रिप्टो प्रॉपर्टी फाइल लिहा. प्रोव्हायडर म्हणून मर्लिन वर्ग, कीस्टोअरचा प्रकार पीकेसीएस-१२, फाइलचा मार्ग, पासवर्ड आणि एलियस. डब्ल्यूएसएस४जे २.० पासून पॅकेजचं नाव बदललं आहे. जुन्या लेखांतला कॉलबॅकचा इम्पोर्ट जसाच्या तसा चिकटवलात तर तो सापडणार नाही.

२. पासवर्ड कॉलबॅक लिहा. येणाऱ्या कॉलबॅकमधला आयडेंटिफायर एलियसशी जुळतो का ते पाहा आणि जुळला तरच किल्लीचा पासवर्ड द्या. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, सर्व्हरच्या पर्यावरणातून वाचा.

३. डब्ल्यूएसएस४जे-आउट-इंटरसेप्टर तयार करा. ॲक्शनमध्ये ‘टाइमस्टॅम्प सिग्नेचर’, याच क्रमाने: आधी टाइमस्टॅम्प जन्माला आला पाहिजे, मगच त्यावर सही. युजर या गुणधर्मात एलियस. सिग्नेचर-की-आयडेंटिफायरमध्ये ‘डायरेक्ट-रेफरन्स’, नाहीतर मूळ ठेवण इश्युअर-सीरियलची (प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक) असते आणि बायनरी टोकन संदेशात जातच नाही.

४. सिग्नेचर-पार्ट्स स्वतः लिहा. हे न लिहिल्यास फक्त बॉडीवर सही होते आणि टाइमस्टॅम्प उघडा राहतो. रचना अशी: पहिल्या महिरपी कंसात ‘एलिमेंट’, दुसऱ्यात नेमस्पेस, मग घटकाचं नाव, दोन भागांमध्ये अर्धविराम. बॉडीचा नेमस्पेस सोप १.१ आणि १.२ मध्ये वेगळा आहे. चुकला तर सहीसाठी घटकच सापडला नाही अशी चूक येते, आणि ते बरंच. गपचूप सही सुटण्यापेक्षा तोंडावर चूक आलेली परवडते.

५. सिग्नेचर-अल्गोरिदम आणि सिग्नेचर-डायजेस्ट-अल्गोरिदम हे दोन्ही गुणधर्म उघड लिहा: आरएसए-शा-२५६ आणि शा-२५६. लायब्ररीच्या आवृत्तीवर सोडलं तर कधी शा-१ बाहेर पडेल, सांगता येत नाही. एकच बदलून दुसरा विसरणं ही नेहमीची चूक आहे.

डायजेस्टची लांबी नुसती पाहूनही बरंच कळतं. बेस-६४ मध्ये शा-१ चा डायजेस्ट २८ अक्षरांचा असतो, शा-२५६ चा ४४ अक्षरांचा. २०४८ बिटांच्या किल्लीची सिग्नेचर-व्हॅल्यू, ओळी मोडल्या नसतील तर, ३४४ अक्षरांची भरते. लॉगमध्ये २८ अक्षरांचा डायजेस्ट दिसला की तुमची सेटिंग लागलीच नाही, एवढं नक्की.

डॉटनेट आणि पायथन

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर डब्ल्यूसीएफ (मायक्रोसॉफ्टची सोप लायब्ररी) असेल तर कस्टम बाइंडिंगमध्ये असिमेट्रिक सिक्युरिटी घटक घ्या आणि कॉन्ट्रॅक्टवर प्रोटेक्शन-लेव्हल ‘साइन’ ठेवा. तसं न केल्यास डब्ल्यूसीएफ एन्क्रिप्शनही करून मोकळं होतं आणि समोरचा सर्व्हर एन्क्रिप्टेड बॉडी पाहून हात वर करतो. नव्या डॉटनेटमध्ये डब्ल्यूसीएफचा क्लायंट संदेशपातळीच्या सुरक्षेत तोकडा आहे, म्हणून साइन्ड-एक्सएमएल हा वर्ग वापरून हाताने सही करायची वेळ येते.

त्यात तीन खड्डे आहेत. साइन्ड-एक्सएमएल घटक शोधताना साधा आयडी गुणधर्म पाहतो. डब्ल्यूएसयू नेमस्पेसमधला आयडी त्याला दिसत नाही. त्यामुळे वर्गाचा वारस तयार करून गेट-आयडी-एलिमेंट ही पद्धत पुन्हा लिहावी लागते. ती लिहिताना एकाच आयडीचे दोन घटक सापडले तर चूक फेका, पहिला सापडला तो घेऊन पुढे जाऊ नका. दुसरा खड्डा: एक्सएमएल-डॉक्युमेंट लोड करण्याआधी प्रिझर्व्ह-व्हाइटस्पेस ‘खरं’ करा, नाहीतर मोकळ्या जागा गळतात. तिसरा: फ्रेमवर्क ४.७.१ च्या आधी मूळ पद्धत शा-१ होती, त्यानंतर शा-२५६ झाली. तोच कोड दोन सर्व्हरवर दोन प्रकारच्या सह्या करतो तो यामुळे.

पायथनमध्ये झीप ही सोपची लायब्ररी आणि तिच्या खाली प्रत्यक्ष सही करणारी एक्सएमएलसेक. झीपचा ‘सिग्नेचर’ वर्ग प्रमाणपत्राचा तपशील की-इन्फोमध्ये थेट टाकतो; बायनरी टोकन हवं असेल तर ‘बायनरी-सिग्नेचर’ वर्ग घ्या. टाइमस्टॅम्प तो स्वतः घालत नाही. तुम्ही आधी घातलात तर त्यावर सही करतो. सही आणि डायजेस्टच्या पद्धती इथेही स्वतः द्या. समोरून उत्तर सही न होता येत असेल तर झीपची पडताळणी अडते. तेव्हा ती पद्धत रिकामी करून टाकायचा मोह होईल, पण आधी समोरच्याकडून लेखी घ्या की उत्तरावर सही नसणारच.

साडेपाच तासांचा घोळ

चाचणीत सगळं चाललं आणि पहिल्याच दिवशी खऱ्या सर्व्हरवर ‘संदेशाची मुदत संपली’ किंवा ‘क्रिएटेड भविष्यातली आहे’ असं आलं, तर घड्याळ पाहा. टाइमस्टॅम्प यूटीसीत हवा आणि शेवटी झेड हे अक्षर. भारतात हमखास होणारी चूक म्हणजे स्थानिक वेळ घेऊन तिला नुसतं झेड चिकटवणं. मग संदेश साडेपाच तास पुढचा ठरतो. डब्ल्यूएसएस४जेची मूळ मर्यादा मुदतीला ३०० सेकंद आणि भविष्याला ६० सेकंद आहे. डब्ल्यूसीएफ दोन घड्याळांत ५ मिनिटांचा फरक चालवून घेतं. म्हणजे तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर एका बँकेकडे काम होतं, दुसरीकडे होत नाही, आणि दोष कुठे ते उमगत नाही.

व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा चालू केलं की घड्याळ मागे राहतं. ऑफिसच्या कपाटातला सर्व्हर वीज गेल्यावर यूपीएसवरून उतरला की तेच. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, लावाच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत, तेव्हा हे काम तसंही करायचंच आहे. समोरचा सर्व्हर सेकंदाचे अपूर्णांक नाकारत असेल तर टाइमस्टॅम्पमधले मिलिसेकंद बंद करण्याची सेटिंग आहे. एक्सपायर्स वाढवून एक तास करणं हा उपाय नव्हे. तेवढा वेळ तो संदेश पकडून कुणालाही पुन्हा पाठवता येतो.

सही जुळत नाही तेव्हा

समोरून येणारा फॉल्ट कोड नीट वाचा. ‘फेल्ड-चेक’ म्हणजे सही किंवा डायजेस्ट चुकला. ‘सिक्युरिटी-टोकन-अनअव्हेलेबल’ म्हणजे की-इन्फो ज्याकडे बोट दाखवतो ते प्रमाणपत्र त्यांना मिळालं नाही. ‘इन्व्हॅलिड-सिक्युरिटी-टोकन’ म्हणजे प्रमाणपत्र मिळालं पण ते पसंत नाही. ‘अनसपोर्टेड-अल्गोरिदम’ स्वतःच बोलतो. काही सर्व्हर हल्लेखोराला सुगावा लागू नये म्हणून मुद्दाम एकच मोघम फॉल्ट देतात. तेव्हा त्यांच्या माणसाला फोन करून सर्व्हरचा लॉग विचारण्यावाचून गत्यंतर नाही. ‘भिया, एकदा लॉग बघा ना’ एवढ्यावर काम व्हावं म्हणून मेसेज-आयडी आणि नेमकी वेळ हाताशी ठेवा.

डायजेस्ट चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सहीनंतर संदेशाला लागलेला हात. गेटवे एक्सएमएल वाचून पुन्हा लिहितो, कुणी ‘सुंदर’ दिसावं म्हणून ओळी मोडतो, कुणी हेडर काढतो. माणसाला अर्थ तोच दिसतो, पण दोन घटकांमधली मोकळी जागा ही एक्सएमएलसाठी मजकूर आहे आणि कॅनॉनिकल रूप ती जपतं. गुणधर्मांचा क्रम, दुहेरी की एकेरी अवतरण, रिकामा घटक कसा मिटवला, हे भेद कॅनॉनिकल रूप पुसून टाकतं. मोकळी जागा आणि नेमस्पेसचे उपसर्ग मात्र पुसत नाही. म्हणून नियम एकच: सही हे शेवटचं काम. तिच्यानंतर फक्त बाइट्स वायरवर जातात.

इथेच लॉग फसवतो. सीएक्सएफच्या लॉगिंगमध्ये ‘प्रिटी’ चालू असेल तर लॉगमधला संदेश देखणा असतो, पण तो वायरवर गेलेला संदेश नसतो. तो कॉपी करून पडताळून पाहिला तर सही चुकलेलीच दिसणार, आणि दोन दिवस भलत्याच वाटेला जाणार. प्रिटी बंद करा किंवा मधे प्रॉक्सी लावून खरे बाइट्स पकडा.

दुसरं कारण नेमस्पेस. साधं, म्हणजे इन्क्लुझिव्ह, कॅनॉनिकलायझेशन एन्व्हलपवर जाहीर केलेले सगळे नेमस्पेस बॉडीच्या रूपात ओढून आणतं. मधल्या गेटवेने एन्व्हलपवर एक नवा नेमस्पेस जाहीर केला की डायजेस्ट बदललाच. एक्सक्लुझिव्ह पद्धत फक्त खरोखर वापरलेले उपसर्ग घेते, म्हणून सोपमध्ये तीच वापरायची. तिचंही एक दुखणं आहे. एक्सएसआय-टाइप गुणधर्माच्या किमतीत ‘एक्सएस:स्ट्रिंग’ असं लिहिलं असेल तर तो उपसर्ग तिला दिसत नाही, कारण ती गुणधर्मांची नावं पाहते, किमती नाही. असे उपसर्ग इन्क्लुझिव्ह-नेमस्पेसेसच्या यादीत घालावे लागतात. दोन्हीकडे ती यादी सारखीच वाचली जाते का, हे जुन्या सर्व्हरच्या बाबतीत तपासून घ्या.

तिसरं, विंडोजवरचं: बेस-६४ च्या ओळी मोडताना कॅरेज रिटर्न आत जातं आणि सिग्नेचर-व्हॅल्यूमध्ये तेरा क्रमांकाचं अक्षर-चिन्ह उमटतं. जावाच्या एक्सएमएल सिक्युरिटीत ‘इग्नोर-लाइन-ब्रेक्स’ ही सिस्टीम प्रॉपर्टी प्रोग्राम सुरू करतानाच ‘खरं’ ठेवली की ते थांबतं.

चौथं, इश्युअर-सीरियल वापरताना: प्रमाणपत्रावरचं राज्य डॉटनेट ‘एस=मध्य प्रदेश’ असं लिहितं, जावा ‘एसटी=मध्य प्रदेश’. स्वतः सही केलेल्या प्रमाणपत्रात देणाराही आपणच, त्यामुळे इंदूरच्या पत्त्याचं प्रमाणपत्र नाव न जुळल्यामुळे सापडत नाही. डायरेक्ट रेफरन्स घ्या, हा वादच मिटतो.

हाताने तपासायचं तर एक्सएमएलसेकचं आदेश-साधन वापरा, पण त्याला ‘बॉडीचा हा गुणधर्म आयडी आहे’ असं आदेशातच सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो घटक सापडत नाही म्हणतो आणि आपण सहीला दोष देतो. सोपयूआय या चाचणीच्या साधनात प्रोजेक्टच्या डब्ल्यूएस-सिक्युरिटी पानावर कीस्टोअर जोडून आउटगोइंग कॉन्फिगरेशनमध्ये टाइमस्टॅम्प आणि सिग्नेचर लावता येते. तुमचा संदेश चालत नाही पण सोपयूआयचा चालतो, असं झालं की दोन्ही शेजारी ठेवून रेफरन्स मोजा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

पडताळणी तुमच्याकडे असेल तेव्हा

सही करणं सोपं, तपासणं अवघड. ‘सही बरोबर आहे’ असं लायब्ररी म्हणाली की कोड पुढे जातो, आणि फसवणूक नेमकी याच जागी होते. एक्सएमएल सिग्नेचर रॅपिंग हा हल्ला २००५ पासून माहीत आहे. हल्लेखोर सही झालेली मूळ बॉडी उचलून हेडरमधल्या एखाद्या निरुपद्रवी घटकात ठेवतो आणि तिच्या जागी स्वतःची बॉडी बसवतो. सही आयडीने घटक शोधते, तो हेडरमध्ये सापडतो, डायजेस्ट जुळतो. तुमचा प्रोग्राम मात्र एन्व्हलपच्या खालची नवी बॉडी वाचतो आणि पैसे भलत्या खात्यात जातात.

म्हणून तपासणीनंतर विचारा: ज्या घटकावर सही निघाली तो एन्व्हलपचा थेट मूल असलेला बॉडी घटकच आहे का? सीएक्सएफमध्ये यासाठी क्रिप्टो-कव्हरेज-चेकर नावाचा इंटरसेप्टर आहे. त्याला बॉडी, टाइमस्टॅम्प आणि ॲड्रेसिंगचे हेडर सहीखाली हवेत असं सांगा. एकाच आयडीचे दोन घटक आले तर संदेश तिथेच टाकून द्या.

विश्वासाचंही तसंच. ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वास ठेवायच्या प्रमाणपत्रांच्या साठ्यात) एखाद्या सार्वजनिक प्रमाणन संस्थेचं मूळ प्रमाणपत्र ठेवलंत तर त्या संस्थेने ज्याला ज्याला प्रमाणपत्र दिलं तो प्रत्येक जण तुमच्या दारातून आत येऊ शकतो. साखळी तपासल्यावर सब्जेक्टचं, म्हणजे प्रमाणपत्रधारकाचं, नाव ठरलेल्या नमुन्याशी जुळवा, त्याची सेटिंग डब्ल्यूएसएस४जेत आहे. त्याहून साधं म्हणजे त्या एका ग्राहकाचंच प्रमाणपत्र ट्रस्टस्टोअरमध्ये ठेवणं. स्वीकारायच्या पद्धतींची यादीही तुम्हीच आखा. संदेशात लिहिलेली पद्धत मुकाट मान्य करायची सवय किती महागात पडते ते २००९ मध्ये उघड झालेल्या एचमॅकच्या (दोघांकडे असलेल्या एकाच गुप्त किल्लीने करायच्या सहीच्या) दोषाने दाखवलं: सहीची लांबी किती तपासायची हे संदेशच सांगत होता आणि कित्येक लायब्ररी ते ऐकत होत्या.

एकदा आलेली सही तिच्या मुदतीपर्यंत लक्षात ठेवा आणि तीच पुन्हा आली तर नाकारा. सर्व्हर दोन असतील तर ही आठवण दोघांत सामाईक हवी, नाहीतर पुनरावृत्ती दुसऱ्या सर्व्हरवर चालून जाते.

सुरू करण्याआधी मोडून पाहा

चालतंय एवढं पाहून थांबू नका. सही झालेल्या संदेशात रकमेचा एक आकडा बदला: नाकारला गेला पाहिजे. टाइमस्टॅम्पचा एक आकडा बदला: तोही नाकारला गेला पाहिजे. स्वीकारला गेला तर त्यावर सहीच नव्हती. तोच संदेश एका मिनिटाने पुन्हा पाठवा आणि मग दहा मिनिटांनी. पूर्ण सिग्नेचर काढून टाकून पाठवा. काही सर्व्हर सही नसलेला संदेश ‘सही चुकलेली नाही’ म्हणून आत घेतात. दुसऱ्याच किल्लीने सही करून पाठवा. शेवटी मराठी किंवा हिंदी अक्षरं असलेला पत्ता घालून पाहा. यूटीएफ-८ कुठे तरी विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून जात असेल तर इंग्रजी मजकुरावर सगळं नीट चालतं आणि ‘स्नेहलतागंज’ आलं की डायजेस्ट मोडतो.

प्रमाणपत्र संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये दोनदा टाका: ६० दिवस आधी आणि १५ दिवस आधी. नवं प्रमाणपत्र समोर पाठवा, त्यांनी जुन्याबरोबर तेही ट्रस्टस्टोअरमध्ये ठेवल्याची खात्री करा, मग नव्या एलियसवर या. जुनं काढायला सांगा ते नव्याने आठवडाभर काम झाल्यावर. शनिवारी संध्याकाळी, सगळे सराफ्यात खायला गेलेले असताना, एलियस बदलू नका. सोमवारी सकाळी दोन्हीकडची माणसं जागेवर असतात.